चित्रीकरण आमच्या गावात, श्रेयनामावली मुंबईची: कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात स्वतंत्र निर्मिती उभी राहील का?

शेवटची_एसटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज लिहायला बसले.

मी नऊ वर्षं मुंबईत मालिकांमध्ये सहायक दिग्दर्शक होते. दोन वर्षांपूर्वी घरच्या कारणानं कोल्हापूरला परत आले. येताना वाटलं होतं, कामाला काय तोटा? मोरेवाडीत चित्रनगरी आहे, मालिका येतात, पन्हाळा-रंकाळा-जुने वाडे यांना मागणी आहे. प्रत्यक्षात युनिट येतं तेव्हा दिग्दर्शक, कॅमेरामन, साउंड, आर्ट, अगदी मेकअपदादासुद्धा मुंबईहून बसमध्ये बसून येतात. इथून घेतात जेवण, गाड्या, जनरेटर आणि गर्दी. मालिका बंद झाली की सेट मोडून ट्रकमध्ये. आमच्या ओळखीच्या एका वाड्यात वर्षभर शूट चाललं होतं. आता तिथं माजघराच्या भिंतीला आर्टवाल्यांनी मारलेला खोटा गिलावा तेवढा उरलाय आणि मालकीणबाई तो खरवडत बसल्यात.

माझा प्रश्न असा. इथंच राहून, इथलीच माणसं घेऊन वर्षाला दोन-चार लघुपट, एखादा माहितीपट, एखादी वेब मालिका असं काम सतत चालू राहील अशी घडी बसवता येईल का? सरकारनं काय करावं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे, ते नको. आपण काय करू शकतो ते बोला. मला वाटतं पहिली गरज सामाईक सामग्रीची आहे. कॅमेरा, लाइट, साउंड किट सगळ्यांनी मिळून घ्यायचं. चुकत असेन तर सांगा.

गल्लीतला_समीक्षक

मी पहिला. आता धागा वाचतो.

पैलवान_बिनतालमीचा

ताई, नाद खुळा विषय! आपलं कोल्हापूर म्हणजे मराठी सिनेमाचं माहेरघर. बाबूराव पेंटरांनी सव्वाशे... म्हणजे शंभर वर्षांपूर्वी इथं स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला. आजही खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक हाय. त्या मातीत अवघड ते काय? एकजुटीनं करायचं, बास.

आजोबांची_पेटी

पैलवान, माहेरघर हा शब्द अगदी बरोबर निवडलात. माहेर म्हणजे जिथून पोरगी निघून जाते ते घर.

'प्रभात' फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. पुढं १९६० साली त्याच प्रभातच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट उघडली. म्हणजे आपली पोरगी सासरी गेली आणि तिच्या घरात आख्ख्या देशाची शाळा भरली. आपल्याकडं राहिला कॅमेऱ्याचा पुतळा. इथला जयप्रभा स्टुडिओ गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत खाक झाला, भालजी पेंढारकरांनी तो कर्ज काढून परत उभा केला, त्याचं पुढं काय झालं ते इथं सगळ्यांना माहीत आहे. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. शेजारी एक गृहस्थ रडत होते, त्यांनी तिथं पडदा ओढायचं काम केलं होतं.

हे उगाच गहिवर म्हणून लिहीत नाही. पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी नीट बघा. तिच्यात काय होतं? नाटकाचे पडदे रंगवणारे होते, यंत्रं खोलणारे होते, तालमीतली पोरं होती आणि भांडवल तानीबाई कागलकर या गायिकेनं दिलं होतं. व्ही. शांताराम तिथं पडेल ते काम करत शिकले. त्यांच्याबरोबर पुढं 'प्रभात' काढणारे दामले, फत्तेलाल तिथलेच. यातला कुणीही बाहेरून 'लोकेशन' बघायला आलेला नव्हता. ताईंचा सामाईक सामग्रीचा मुद्दा मला म्हणून अर्धवट वाटतो. कॅमेरा त्यांनीही बनवला, पण बनवणारी माणसं एकाच गल्लीत राहत होती आणि एकमेकांच्या हाताखाली राबली होती.

चहा_बिस्कीट_प्रॉडक्शन

जाळपोळ, कर्ज, स्मारक. पेटीआजोबा, सकाळी सकाळी चहा कडू केलात.

लाइटदादा_कराड

मी लाइटमध्ये सतरा वर्षं आहे. खरं सांगतो. मुंबईचं युनिट आलं की मला घेतात, पण 'लोकल' म्हणून. मुंबईच्या पोराला १४०० तर मला ७००, आणि उन्हात लाइट धरून उभा तोच वेळ. वरनं तो म्हणणार, "दादा, तुमचं तर गावच आहे, तुम्हाला राहायचा खर्च नाही." अरे बाबा, गाव आहे म्हणून पोट नाही का?

दुसरं पेमेंट. मालिकेत नव्वद दिवसांनी पैसे हा रिवाज. मुंबईत युनियन आहे, दार वाजवता येतं. इथं मालिका गुंडाळून गेली की फोन उचलत नाहीत. माझे एका मालिकेचे ३१ हजार चार वर्षं अडकलेत. नाव घेत नाही.

आणि आपली लोकल फिल्मवाली पोरं? ती तर पैशाचं बोलतच नाहीत. "दादा, आपलीच फिल्म आहे." आपलीच असेल तर पोस्टरवर माझं नाव स्पॉटबॉय आणि चहावाल्याच्या खाली का असतं?

शेवटची_एसटी

दादा, शेवटचं वाक्य लागलं. मीही एकदा असं "आपलीच फिल्म" करून लोकांना दोन दिवस राबवलंय. वडापाववर.

बूमवाला

मी साउंड करतो. सांगलीत राहतो, काम पुण्यात. दोन मुद्दे आहेत, जरा लांबेल.

सामग्रीबद्दल. कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात कॅमेऱ्यांची कमी आहे असं ज्याला वाटतं त्यानं एकदा लग्नात जाऊन बघावं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांकडं आज फुल फ्रेम कॅमेरे, गिंबल, ड्रोन, एलईडी पॅनल सगळं आहे. कर्ज काढून घेतलंय आणि वर्षातले कितीतरी दिवस कपाटात पडून असतं. मुहूर्त नसले की कपाट बंद. आपण मात्र पुण्याहून कॅमेरा भाड्यानं आणतो, त्याच्याबरोबर अटेंडंट येतो, त्याचा पगार, भत्ता, खोली, येण्याजाण्याचा दिवस. तीन दिवसांच्या फिल्मला पाच दिवसांचं भाडं. तेव्हा आणखी एक कॅमेरा विकत घेण्याआधी असलेले मोजा.

पण कपाटात मिळत नाही ते साउंड. लग्नाच्या व्हिडिओला मागं गाणं लावतात, आवाज कुणाला हवाय? त्यामुळं आपल्या भागात डझनभर चांगले कॅमेरामन आहेत आणि बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरणारी माणसं हातावर मोजण्याइतकी. लोकल फिल्म बघताना पहिल्या मिनिटात जे 'लोकल' वाटतं ना, ते चित्रामुळं नाही, आवाजामुळं.

एक अनुभव सांगतो. वाळव्याकडं एका मळ्यात शूट होतं. म्हातारी आणि नात, दोघींचा संवाद, सगळ्या फिल्मचा जीव त्या एका सीनमध्ये. सकाळी सातला माइक लावले. सुंदर शांतता, लांब कुठंतरी पावशा ओरडतोय. पहिला टेक सुरू आणि आठ वाजता डाव्या बाजूनं "घुंऽऽऽ". विहिरीवरची मोटार. माणूस पाठवून ती बंद करवली. मग उजवीकडची सुरू. ती बंद करायला गेलो तर मालक म्हणाला, "साहेब, आठवडाभर रात्रपाळी होती, आज दिवसा लाईट आलीय. ऊस वाळतोय. तुमचा पिक्चर उद्या बी हुईल." बरोबरच होतं त्याचं. शेतीच्या फीडरला, म्हणजे मळ्यांच्या वीजवाहिनीला, आठच तास मोटार चालेल अशी थ्री फेज असते, कधी दिवसा, कधी रात्री. आणि हल्ली ऑटो स्टार्टर असतात. लाईट आली की आठ-दहा मोटारी एकदम आपापल्या सुरू होतात. अकरा टेक झाले. शेवटी सगळा सीन डब केला, आणि म्हातारीचं काम करणाऱ्या आजी काही स्टुडिओत परत तशा बोलल्या नाहीत. फिल्म तिथंच मेली.

तेव्हापासून कुठलंही शूट ठरलं की मी आधी वायरमनला फोन करतो, मग दिग्दर्शकाला. मुंबईहून आलेल्या साउंडवाल्याला हे माहीत असायचं कारण नाही. गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर सीन लावायचा नाही, दर सात मिनिटांनी गाणी वाजवत उसाचा ट्रॅक्टर जातो, हेही त्याला कळणार नाही. आपल्याकडचं खरं भांडवल हे आहे, आणि ते कुठल्याही भाड्याच्या यादीत नाही.

चहा_बिस्कीट_प्रॉडक्शन

म्हणजे दिग्दर्शक, निर्माता आणि त्यांच्याही वर वायरमन. श्रेयनामावलीत पहिलं नाव द्या.

पैलवान_बिनतालमीचा

बूमवाले, आता सौर फीडर येऊ लागलेत, शेतकऱ्याला कायम दिवसा लाईट. शेतकऱ्याचं भलं झालं, रात्री साप-विंचवात जायला नको. तुमचं मात्र वाटोळं.

बूमवाला

खरंय. आमच्या चुलत्यांना दिवसा लाईट मिळाली, त्यांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि गपचूप रेकॉर्डर पिशवीत ठेवला.

गल्लीतला_समीक्षक

धागा वाचून झाला. आता कुणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो, शिव्या घाला.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका लघुपट स्पर्धेला परीक्षक नसतानाही सगळ्या फिल्म बसून बघितल्या. त्यातल्या निम्म्या शेतकऱ्याच्या आत्महत्येवर. फास लावलेला दोर, खाली पडलेली चप्पल, मग ड्रोन वर वर वर जातो आणि बासरी वाजते. एक फिल्म तर अशी होती की चप्पल पडायच्या आधीच ड्रोन निघाला. हे कुणी आत्महत्या बघितलेल्या घरातल्यानं केलेलं नाही, पुण्या-मुंबईच्या महोत्सवाला 'गाव' म्हणजे काय वाटतं ते ओळखून केलंय. मग बाहेरच्या युनिटनं आपल्याला लोकेशन समजलं म्हणून रडायचं कशाला? आपणच स्वतःला लोकेशन समजतोय.

शेवटची_एसटी

शिव्या नाही घालणार. पण ड्रोनची गरज का पडते ते सांगते. ज्याच्याकडं ड्रोन आहे तो फुकट येतो, ज्याच्याकडं चांगली गोष्ट आहे त्याला कुणी बोलावत नाही.

वैनगंगेकाठी

राम राम. मी चंद्रपूरकडचा. तुमचा धागा पश्चिम महाराष्ट्राचा आहे, पण मधात तोंड घालतो.

तुम्ही लोक अनुदान, सामग्री, महोत्सव बोलून राहिले. आमच्या झाडीपट्टीत याच्यातलं काहीच नाही, तरी शेकडो माणसं नाटकावर जगतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. दिवाळी झाली की सीझन सुरू, होळीपर्यंत. गडचिरोलीतल्या वडशाला नाटक कंपन्यांची हपिसं असतात. गावचं मंडळ जाते, नाटक ठरवते, इसार देते. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असो की मंडई म्हणजे गावची जत्रा, पाहुणे घरी आलेले असतात, रात्री नाटक लागतेच. दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेला सुटते. तिकीट काढून लोक थंडीत ब्लँकेट घेऊन बसतात. परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री भेटली ती याच रंगभूमीच्या कामासाठी.

आता ध्यानात घ्या. पैसा कंपनीनं आधी लावून नंतर प्रेक्षक शोधला असं तिथं होत नाही. प्रेक्षक आधी ठरते, पैसा त्याच्याकडून येते, मग नाटक. तुमचं उलटं आहे. फिल्म बनवता, मग विचारता का आता दाखवू कोणाले.

सिनेमाचंही सांगतो. 'स्थळ' हा सिनेमा आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात केला, पडद्यावर इकडचीच माणसं, इकडचीच बोली. २०२३ ला टोरोंटोच्या महोत्सवात लागला, बक्षीस भेटलं. इथं थेटरात यायला २०२५ चा मार्च उजाडला. मधले दीड वर्ष लोक आम्हाला विचारत होते, बाप्पा, आपला पिक्चर परदेशात लागला, मंग आपल्याकडं काऊन नाही?

टोरोंटोची_थंडी

वैनगंगेकाठी, मी तो इथं पाहिला होता! लग्नासाठी मुलगी 'दाखवायचे' प्रसंग एकामागून एक येतात तेव्हा थिएटरातल्या इतर देशांच्या बाया हसत होत्या आणि आम्ही तीन मराठी बायका मुकाट बसलो होतो. बाहेर आल्यावर एकीनं फक्त एवढंच सांगितलं की तिला अकरा वेळा दाखवलं होतं.

मूळ विषयाकडं येते. इथल्या मराठी मंडळातून चार-पाच जण थोडे थोडे पैसे घालायला सहज तयार होतील. पण द्यायचे कुणाला? मागं एकदा एका होतकरू निर्मात्याला आम्ही नऊ जणांनी मिळून पैसे पाठवले. फिल्म झाली की नाही हेही कळलं नाही. ना हिशोब, ना लिंक. रक्कम गेल्याचं फार वाटलं नाही, पण त्या नऊ जणांना परत विचारायची माझी हिंमत नाही.

हिशोबनीस

ताई, याच जागी सगळं अडतं. मी सीए नाही, पण दोन छोट्या मराठी चित्रपटांचा हिशोब ठेवलाय, म्हणून आकड्यांच्या बाजूनं लिहितो.

लोकांना वाटतं फिल्म बनवणं महाग. बनवणं आता त्या मानानं स्वस्त झालंय, दाखवणं महाग आहे. रिळं होती तेव्हा प्रिंटचा खर्च होता, आता प्रिंट गेली आणि डिजिटल प्रोजेक्शनवाल्याचा प्रत्येक पडद्याला वेगळा आकार आला. सेन्सॉर, डीसीपी (थेटरात लावायची डिजिटल प्रत), पोस्टर, चार शहरांत होर्डिंग. आमच्या एका चित्रपटाला सांगलीच्या मल्टिप्लेक्समध्ये शो मिळाला सकाळी सव्वादहाचा. मंगळवारी. ज्यांच्यासाठी चित्रपट होता ती माणसं त्या वेळी डेअरीत नाहीतर रानात. बुधवारी कळवलं की प्रतिसाद नाही, शो काढला.

अनुदानाचं म्हणाल तर आम्ही अर्ज केला तेव्हा अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख असं होतं. छान रक्कम आहे. पण ती चित्रपट पूर्ण होऊन, प्रदर्शित होऊन, परीक्षण झाल्यावर. तोवर खाजगी सावकार महिन्याला दोन टक्क्यांनी बसलेला असतो. आमचं अनुदान आलं तेव्हा निर्मात्यानं आधी व्याज फेडलं, मग पेढे आणले, तेही पाव किलो. जमीन विकून पिक्चर काढल्याच्या ज्या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो ना, त्या मला ऐकवत नाहीत. जमीन एकदाच विकता येते. एकामागून एक काम करायचं तर असं भांडवल लागतं जे बुडालं तरी घर बुडणार नाही.

आणखी एक, लघुपटवाल्यांसाठी. तिकीट लावून सार्वजनिक खेळ करायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, फिल्म दहा मिनिटांची असली तरी. फिल्म सोसायटीच्या सभासदांसाठीच्या खेळाची गोष्ट वेगळी. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्याच नावाची फिल्म सोसायटी आहे, आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवते. दहा ठिकाणी दहा गट काढण्यापेक्षा आधी तिथं जाऊन सभासद व्हा.

पणजीकार

गोव्यातून नमस्कार. आमची गोष्ट ऐका म्हणजे बाहेरच्या युनिटांचा भरवसा किती धरायचा ते कळेल. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं तेव्हा तुमच्या मालिका रातोरात गोव्यात आल्या. काय ती धावपळ! बंद पडलेली रिसॉर्ट भरली, माझ्या मावसभावाची गाडी महिनाभर लागली. मे महिन्यात गोवा सरकारनं परवानग्या रद्द केल्या, आणि आले तसे गेले. मागं राहिलं काय? बिलं.

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून आमच्याकडं आहे. दरवर्षी नोव्हेंबरात मांडवीच्या काठावर जगभरचे लोक, चित्रपटांचा बाजारही भरतो. ते दिवस आम्ही जगाचे यजमान. डिसेंबरात कोकणी चित्रपट करणारा माझा मित्र परत लग्नाचे व्हिडिओ जोडत बसलेला असतो. पण एक कबूल करतो, त्या मित्राला संकलन शिकवलं ते महोत्सवात भेटलेल्या एका माणसानंच. अगदीच काही मिळत नाही असं नाही.

पैलवान_बिनतालमीचा

सगळीकडं लग्नाचे व्हिडिओच. एक विचारू का? शूटच्या जेवणाचा विषय निघाला नाही अजून. कोल्हापुरात शूट करून मुंबईचा केटरर आणणाऱ्यांना अटक झाली पाहिजे.

चहा_बिस्कीट_प्रॉडक्शन

सकाळच्या नाश्त्याला मिसळ ठेवली तर दहाचा पहिला शॉट एकला लागतो, स्वानुभव.

लाइटदादा_कराड

मिसळ कराडची.

पैलवान_बिनतालमीचा

दादा, तुमच्या वयाचा मान ठेवून गप्प बसतो. पण कट वडा कुठं मिळतो कराडात?

वैनगंगेकाठी

तुमच्या दोघांच्याही मिसळीत तर्री नाही. नागपूरले या.

(येथील मिसळविषयक सतरा प्रतिसाद स्वतंत्र धाग्यावर हलवले आहेत. कृपया मूळ विषयावर बोला. – व्यवस्थापन)

कुंकू_ते_कंटिन्यूटी

मिसळ संपली असेल तर माझं ऐका. मी वेशभूषा आणि कंटिन्यूटी (एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतं का ते) बघते, इचलकरंजीची. इतक्या प्रतिसादांत एकाही पुरुषाला सुचलं नाही म्हणून लिहिते: संडास.

मळ्यात, डोंगरावर, वाड्यात शूट. मुंबईच्या युनिटबरोबर व्हॅनिटी व्हॅन येते, तीत नायिका जाते. आपल्या लोकल फिल्मला व्हॅनिटी परवडत नाही, ठीक आहे. पण मग शेजारच्या घरी आधी जाऊन विचारून ठेवायचं ना? मी एका शूटला सकाळी सहा ते संध्याकाळी चार पाणी प्यायले नाही. रात्री पॅकअप साडेदहाला. शेवटची एसटी (धागाकर्तीची माफी मागून) नऊची. दिग्दर्शक म्हणाला, "कुणीतरी सोडेल गं." त्या कुणीतरीच्या मोटरसायकलवर मी गेले, काही झालं नाही, पण घरी दारात वडील उभे होते. पुढची फिल्म मी केली नाही. माझ्याबरोबरच्या दोघी तर कायमच्या सुटल्या, एक आता ब्युटी पार्लर चालवते आणि झकास चालवते.

तेव्हा माणसं टिकत नाहीत असं म्हणताना कोण टिकत नाही तेही बघा. अर्धी माणसं तर पहिल्याच वर्षी घरी बसतात.

आजोबांची_पेटी

कुंकूताई, शंभर टक्के. माझा वरचा प्रतिसाद परत वाचला. मी तालमीतली पोरं मोजली, शिकवणारे मोजले, बायकांमध्ये फक्त पैसे देणारी मोजली.

गल्लीतला_समीक्षक

मला वाटतं यूट्यूबवाल्यांचं नाव कुणी घेतलंच नाही. बारामतीकडची 'चांडाळ चौकडीच्या करामती' बघा. गावातली माणसं, गावातला पार, आठवड्याला भाग. आमच्या आईला मालिकेतल्या सुना पाठ नाहीत, पण ही माणसं पाठ आहेत. तुम्ही महोत्सव-महोत्सव करताय आणि प्रेक्षक तिथं कधीच गेलाय. सतत काम, सतत सराव. कलात्मक नसेल, पण तिथल्या पोराला पुढच्या आठवड्यात काम आहे हे माहीत असतं.

बूमवाला

समीक्षक, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत आहे, तारीख लिहून ठेवतो. एकच भर. आठवड्याला भाग द्यायचा म्हणजे घाई, आणि घाईत पहिला बळी आवाजाचा. पण हात बसतो, हे मान्य.

लाइटदादा_कराड

मला एक सांगा. एवढी चर्चा झाली, पुढं काय? मागच्या वर्षी पण दुसरीकडं असाच धागा होता. शेवटी एक ग्रुप निघाला. त्यात आता गुड मॉर्निंग आणि श्रद्धांजली एवढंच येतं.

शेवटची_एसटी

दादा, म्हणूनच दोन दिवस गप्प होते. सगळं परत वाचलं, चार जणांशी फोनवर बोलले.

सामग्री विकत घ्यायची कल्पना मी सोडली. बूमवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणं लग्नवाल्यांची कपाटं मोजायला सुरुवात केली. एकट्या शाहूपुरी-राजारामपुरी भागात फिरले तर नऊ जण भेटले. सगळ्यांना विचारलं, तुमचा कॅमेरा सगळ्यात रिकामा कधी? सगळ्यांचं उत्तर एकच: पितृपक्षात. ना लग्न, ना साखरपुडा, ना वास्तुशांत. पंधरा दिवस कपाट बंद. मग डोक्यात आलं, त्या पंधरा दिवसांत अजून काय रिकामं असतं? मंगल कार्यालयं! खुर्च्या, माइक, जनरेटर, पार्किंग आणि बायकांसाठी स्वच्छ संडास, कुंकूताई. आमच्या नात्यातल्या एकांचं कार्यालय आहे, त्यांना विचारलं. म्हणाले, "पितृपक्षात मी तुझ्याकडून भाडं घेत नाही, फक्त वीजबिल दे. तसंही वॉचमन झोपाच काढतो."

तर ठरवलंय ते असं. येत्या पितृपक्षात बारा मिनिटांची एक फिल्म, तीन दिवस शूट. प्रत्येक खात्याचा प्रमुख या तीन जिल्ह्यांतला. वैनगंगेकाठी म्हणतात तसं प्रेक्षक आधी: ज्या गावात शूट आहे तिथल्या दूध संस्थेशी आणि फिल्म सोसायटीशी बोलले, दोघं मिळून सभासदांसाठी खेळ लावणार आहेत, आणि जेवणखर्च संस्था उचलणार. हिशोब रोज रात्री सगळ्यांना दिसेल अशा वहीत, टोरोंटोताईंनाही तिचा फोटो जाईल, पैसे दिले नाहीत तरी. लाइटदादा, तुमची शिफ्ट १२००, पॅकअपला हातात. माझ्याकडं सध्या पूर्ण रक्कम नाही. ७८ हजार कमी पडताहेत. म्हणून शूट तीनचं दोन दिवसांवर आणायचा विचार आहे, पण पैसे कमी द्यायचे नाहीत.

आणि गोष्टीत आत्महत्या नाही.

गल्लीतला_समीक्षक

ड्रोन?

शेवटची_एसटी

ड्रोनवाल्याला बूम धरायला शिकवतोय. कबूल झालाय.

पैलवान_बिनतालमीचा

ताई, पितृपक्षात मुहूर्त? घरचे काय म्हणाले?

शेवटची_एसटी

आजी म्हणाली, पूर्वजांसमोर काम करायचं तर नीट करा.

कुंकू_ते_कंटिन्यूटी

मी येते. पॅकअप सातला असेल तर. लेखी.

हिशोबनीस

वही माझी. गावातला वाडा पुरातत्त्व खात्याच्या यादीत नाही ना ते आधी बघा. पन्हाळ्यावर काही घेणार असाल तर तिथली परवानगी वेगळी लागते, ऐनवेळी धावपळ नको.

टोरोंटोची_थंडी

वहीचं पहिलं पान आलं की त्या नऊ जणांना दाखवून बघते. कबूल काही करत नाही.

लाइटदादा_कराड

१२०० बरोबर आहे. पोस्टरवर नाव कुठं?

शेवटची_एसटी

कॅमेरामनच्या शेजारी, त्याच मापात. बूमवाले, गाव तुमच्या वाळव्याकडंच धरलंय, त्याच आजी आहेत. मोटारींचं काय?

बूमवाला

आजी आहेत? मग मी पैसे नाही घेणार. बरं, घेतो, नाहीतर लाइटदादा ओरडतील.

वायरमनशी बोललो. त्या फीडरला अजून सौर आलेलं नाही. त्याच्या अंदाजानं पितृपक्षाचा पहिला आठवडा दिवसपाळी, दुसऱ्यात रात्रपाळी. दुसऱ्या आठवड्यात घ्या, सकाळी सात ते अकरा. आणि डाव्या बाजूच्या विहिरीच्या मालकाला खेळाचं आमंत्रण आधीच देऊन ठेवा. मागच्या वेळी तो विचारत होता, "आमच्या मोटारीचा आवाज पिक्चरमध्ये आला का?"